‘प्रथिनाचा कुठलाही बंध फिरवा’ हा सल्ला चुकीचा आहे

जीवशास्त्र आणि बायोटेक शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मराठी मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. प्रथिनांच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर झटपट शिकवणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकेरी बंध कुठलाही असो, माउसनं हवा तेवढा फिरवता येतो, थोडासा फिरवला तर रचनेला धक्का लागत नाही, काही चुकलंच तर ‘एनर्जी मिनिमाइझ’ (अणू थोडे थोडे हलवून रचनेची ऊर्जा कमी करणारी आज्ञा) केलं की प्रथिन आपोआप खऱ्या आकारात येतं, आणि एआय आल्यापासून फाय-साय कोन (साखळीतले बंध किती फिरले आहेत ते सांगणारे) शिकायची गरज उरलेली नाही.

मी गोव्यात फोंड्याला बीएस्सीच्या मुलांना जीवरसायन शिकवते. वाळपईहून, डिचोलीहून सकाळची बस पकडून येणारी मुलं हा मेसेज वाचून प्रोजेक्ट करतात. एका मुलीच्या मॉडेलमध्ये पेप्टाइड बंधाचा, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधाचा, कोन 120 अंश निघाला. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, एकेरीच बंध होता, म्हणून फिरवला.” तिची चूक नव्हती, तिला तसंच सांगितलं गेलं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘कुठलाही एकेरी बंध’. प्रत्येक अमिनो आम्लामागे साखळीच्या कण्यात तीन बंध येतात. नायट्रोजन ते अल्फा कार्बन, त्याचा कोन फाय. अल्फा कार्बन ते कार्बोनिल कार्बन, त्याचा साय. आणि तिथून पुढच्या आम्लाच्या नायट्रोजनपर्यंतचा पेप्टाइड बंध, त्याचा ओमेगा. पडद्यावर तिन्ही सारख्याच काड्या दिसतात. प्रत्यक्षात तिसरा बंध वेगळा आहे. साधा एकेरी कार्बन-नायट्रोजन बंध सुमारे 1.47 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) लांब असतो, पेप्टाइड बंध 1.33 च्या आसपास. इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यात विभागले गेल्यामुळे त्याला अर्धवट दुहेरी बंधाचा गुण येतो आणि आजूबाजूचे अणू एकाच पातळीत राहतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 साली अल्फा हेलिक्स (प्रथिनाच्या साखळीची मळसूत्री रचना) मांडली ती पेप्टाइड बंध सपाट असतो हे धरूनच. इथेनमधला कार्बन-कार्बन बंध फिरवायला मोलमागे सुमारे 3 किलोकॅलरी पुरतात, पेप्टाइड बंधाला 20 च्या आसपास लागतात. त्यामुळे ओमेगा जवळजवळ नेहमी 180 अंशांपाशी असतो. क्वचित 0 पाशी, आणि तेही बहुधा प्रोलिन या अमिनो आम्लाच्या आधी. त्या जागी 180 आणि 0 मधली अदलाबदल लवकर व्हावी म्हणून पेशीत खास विकरं असतात. ओमेगा 120 ठेवणं म्हणजे ऊर्जेच्या त्या चढाच्या माथ्याजवळ अणूंना उभं करणं.

फाय आणि साय फिरतात, पण तेही मोकाट नाहीत. इथे मला जी. एन. रामचंद्रन यांचं नाव घ्यायलाच हवं. मद्रास विद्यापीठात त्यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत 1963 साली दाखवून दिलं, की अणू कठीण गोळे धरले आणि ते एकमेकांत घुसू दिले नाहीत, तर फाय-सायच्या नकाशाचा (एका अक्षावर फाय, दुसऱ्यावर साय) जवळपास तीन चतुर्थांश भाग बादच होतो. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना तपासायची झाली तर हा नकाशा काढतात. आपल्या मुलांनी तो न बघता बंध फिरवावेत याचं मला फार वाईट वाटतं. ग्लायसिन या अमिनो आम्लाला बाजूची साखळी नसल्यामुळे जास्त मोकळीक मिळते. प्रोलिनचा फाय त्याच्यातल्या अणूंच्या बंद कड्यामुळे उणे 65 अंशांच्या आसपास अडकलेला असतो.

कडी आली की गोष्ट आणखी बदलते. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेमुळे असेल किंवा किनाऱ्यावर वाढल्यामुळे असेल, आमच्या मुलांना समुद्री जीवांच्या विषांचं आकर्षण असतं. झिकोनोटाइड हे त्यातलं आवडतं उदाहरण. शंकूच्या आकाराच्या शंखातल्या गोगलगाईच्या विषावरून बनवलेलं हे औषध तीव्र वेदनांवर वापरतात, अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. फक्त 25 अमिनो आम्लं, त्यांतली सहा सिस्टीन. पहिलं सोळाव्याशी, आठवं विसाव्याशी आणि पंधरावं पंचविसाव्याशी गंधकाच्या पुलानं जोडलेलं. हे तीन पूल कागदावर काढून बघा. अगदी टोकाचे सोडले, तर कण्यातला प्रत्येक बंध कुठल्या ना कुठल्या बंद कड्यात सापडतो. म्हणजे एकटा बंध फिरवायला तिथे जागाच नाही. फिरवायचाच म्हटलं तर पूल तोडावा लागेल, आणि या रेणूचा आकार टिकतो तोच त्या पुलांवर. वर सांगितलेल्या मुलीचा प्रोजेक्ट याच रेणूवर होता.

दुसरा मुद्दा, थोडं फिरवलं तर बिघडत नाही. आंबे काढायची लांब काठी हातात धरलेल्याला विचारा. मनगट जरासं वळलं की वरचं टोक दुसऱ्याच फांदीत जातं. साखळीच्या मधला फाय 5 अंशांनी फिरवला, तर अक्षापासून 50 अँगस्ट्रॉमवर असलेला अणू सुमारे 4.4 अँगस्ट्रॉम सरकतो. कार्बन-कार्बन बंध 1.54 अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणजे जवळजवळ तीन बंधांइतकं अंतर. तेवढ्यात पलीकडचा अख्खा भाग दुसऱ्या भागात घुसू शकतो. कण्यात छोटा बदल हवा असेल तर एका आम्लाचा साय आणि पुढच्याचा फाय उलट दिशांना सारखेच फिरवावेत. मधली पेप्टाइडची पाटी तेवढी वळते, बाकीची साखळी जवळपास जागेवर राहते.

बाजूच्या साखळ्यांपुरता मेसेज बराचसा बरोबर आहे. त्यांचे कोन (काय-1, काय-2 वगैरे) फिरवल्यानं कणा हलत नाही. झिकोनोटाइडमधलं तेरावं टायरोसिन घ्या, औषधाच्या कामासाठी ते फार महत्त्वाचं असतं आणि त्याचा काय-1 खुशाल फिरवता येतो. पण तिथेही काय-1 ला उणे 60, 60 आणि 180 या तीन जागांची ओढ असते. पायमॉल, कायमेरा या सॉफ्टवेअरमध्ये त्या ठरावीक ठेवणींची यादी असते, तिच्यातून निवडावं.

मिनिमायझेशनचा मुद्दा मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्यानं मुलं निर्धास्त होतात. ही प्रक्रिया फक्त उताराकडे जाते. मोलेच्या घाटात पावसाचं पाणी पहिल्या खळग्यात साचतं, समुद्र पुढे आहे म्हणून ते कड उचलून पलीकडे जात नाही. तसंच चुकून 0 अंशांपाशी गेलेला ओमेगा तिथेच स्थिरावतो. फेनिलअॅलनिनच्या कड्यातून आरपार गेलेली साखळी तशीच राहते. ऊर्जेचा आकडा खाली आलेला दिसतो आणि मूल समजतं, झालं. असल्या चुका आधी शोधून हातानं सोडवाव्या लागतात.

आणि एआय. प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयच्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, डेव्हिड बेकर यांच्यासोबत. ते काम थोर आहेच. पण अल्फाफोल्ड-2 प्रत्येक आम्लासाठी टॉर्शन कोनच (बंधाभोवती फिरण्याचे कोन) सांगतं: ओमेगा, फाय, साय आणि बाजूच्या साखळीचे चारपर्यंत ‘काय’ कोन. ते शिकलं प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरून, ज्या 1971 पासून प्रयोगशाळांनी मेहनतीनं जमवल्या. शिवाय ते स्वतःच्या खात्रीचा आकडाही देतं, आणि तो 50 च्या खाली असलेल्या भागातले कोन खरे धरून चालत नाही. हे कळायला कोन म्हणजे काय ते आधी माहीत हवं.

त्या मुलीनं मूळ रचना पुन्हा उघडली. पूल तसेच ठेवले, सगळे ओमेगा मोजून लिहून काढले आणि फक्त तेराव्या टायरोसिनचा काय-1 तिन्ही जागी फिरवून कुठे टक्कर होते ते तपासलं. रामचंद्रन नकाशा तिनं पहिल्या पानावर लावला आहे.