अनुदान सुरक्षित आहे, आपण निश्चिंत असावे

आपला संशोधन प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र हाती आले असेल, तर प्रथम आमचे अभिनंदन स्वीकारावे, आणि पेढे वाटण्याआधी लेखा विभागात जाऊन तेथील टेबलांच्या काचा नीट न्याहाळाव्यात. गणपतीच्या चित्राशेजारी, महागाई भत्त्याच्या तक्त्याच्या किंचित खाली, महाविद्यालयाचे सर्व पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद कोणत्या काचेखाली आहे, हे एकदा कळले की पुढील तीन वर्षे आपला फारसा खोळंबा होत नाही. अनुदानाचा सारा कारभार आता सुरक्षित ऑनलाइन प्रणालीवर आला आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

हा बदल उगाच झालेला नाही, हेही मान्य करावे. पूर्वी अनुदानाचा हप्ता एकरकमी संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडे आणि खर्च होईपर्यंत तेथेच सुखाने झोपा काढी. देशभरात अशी असंख्य खाती भरलेली असताना सरकार मात्र बाजारातून व्याजाने कर्ज उचलत असे. हा झोपाळू पैसा हुडकून काढण्यासाठी पीएफएमएस (सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली) नावाची प्रणाली उभी राहिली, आणि अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने ९ मार्च २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय योजनांच्या निधीची वाटच बदलली. आता पैसा वरच्या खात्यात राहतो, खालच्या संस्थेकडे शून्य शिल्लक खाते असते, आणि त्यात आपल्या वाट्याला रकमेऐवजी खर्चाची मर्यादा येते. मर्यादा दिसते, पण हाताला लागत नाही. आणि ३१ मार्चच्या रात्री उरलेली मर्यादा मावळते. सरकारचे व्याज वाचते, यात शंका नाही. संशोधकाचे वर्ष वाचत नाही, पण ते कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नसल्याने त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

येथे आपल्याला एक जबाबदारी मनापासून पार पाडावी लागेल, ती म्हणजे निसर्गाला आर्थिक वर्ष समजावून सांगण्याची. आम्ही त्यात कमी पडलो. आमचा प्रकल्प सह्याद्रीतल्या कारवीवर होता, आणि कारवी ही वनस्पती साधारण सात वर्षांनी एकदाच, तीही पावसाळ्याच्या उत्तरार्धात, डोंगरउतार भरून फुलते. प्रकल्प तीन वर्षांचा असल्याने आम्ही फुलण्याचे वर्ष बरोबर मध्ये धरले होते. त्या वर्षीची मर्यादा आम्हाला दिसू लागली ती डिसेंबरात, जेव्हा उतारावर वाळलेल्या काटक्यांशिवाय काही नव्हते. आणि ती संपवण्याची घाई सुरू झाली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा सबंध महाविद्यालयाला एकाच वेळी फ्रीजर, स्कॅनर आणि छपाईचा कागद यांची नितांत गरज भासू लागते. म्हणून आमचा सल्ला असा की संशोधनाचा विषयच मार्चमध्ये फुलणारा निवडावा. तसा न मिळाल्यास डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, चढवता येईल अशा एखाद्या वस्तूवर संशोधन करावे, कारण ती निदान वर्षअखेरीस जागेवर सापडते.

आता सुरक्षिततेकडे वळू. रक्कम अदा करताना एका व्यक्तीने देयक तयार करायचे आणि दुसऱ्या व्यक्तीने ते तपासून मंजूर करायचे, अशी या प्रणालीत व्यवस्था असते. पहिल्याला मेकर म्हणतात आणि दुसऱ्याला चेकर. कोणा एकाच्या हाती सगळी सत्ता राहू नये, हा त्यामागचा हेतू निर्विवाद स्तुत्य आहे. मात्र ज्या महाविद्यालयात लेखापालाच्या तीन मंजूर पदांपैकी दोन पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत, तेथे उरलेले गृहस्थ क्रोममध्ये मेकर असतात आणि फायरफॉक्समध्ये चेकर. आम्ही स्वतः त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे पाहिले आहे: मेकर म्हणून बिल पुढे पाठवल्यावर त्यांनी चष्मा काढला, चहाचा एक घोट घेतला, दुसरी खिडकी उघडली आणि चेकर म्हणून त्याच बिलात स्वतःचीच एक चूक काढून ते परत पाठवले. इतकी निःपक्षपाती वृत्ती आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

यावरची कडी म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार तिला हाताच्या सहीइतकेच मोल असते, आणि ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका टोकनात बंद असते. हे टोकन ज्याचे त्याने जिवापाड सांभाळावे अशी अपेक्षा असते. प्राचार्यांचे टोकन प्रयोगशाळेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले असते. जुडगा शिपायाच्या कमरेला असतो. आणि पिन सर्वांना ठाऊक असतो, कारण तो महाविद्यालयाच्या स्थापनेच्या सालाइतकाच आहे आणि ते साल प्रवेशद्वाराच्या कमानीवर कोरलेले आहे. आपण मुख्य संशोधक या नात्याने त्या शिपायाशी सलोख्याने वागावे.

प्रणालीत माहिती भरताना मात्र आपण फार सांभाळून असावे, कारण तेथे तिची नजर तीक्ष्ण असते. आमच्या वार्षिक अहवालात नमुने उणे २० अंश तापमानाला ठेवल्याचा उल्लेख होता. संबंधित संकेतस्थळाला ते उणे चिन्ह घातक वाटले आणि ‘अवैध वर्ण’ अशी लाल अक्षरे उमटली. चिन्ह गाळताच अहवाल विनातक्रार स्वीकारला गेला. चार महिन्यांनी तज्ज्ञ समितीने विचारणा केली की नमुने २० अंशांना ठेवण्यामागे संशोधकाची काय भूमिका आहे. स्पष्टीकरणात आम्ही उणे चिन्ह लिहिले, आणि पुन्हा तीच लाल अक्षरे. तेव्हा गणिती चिन्हे टाळून गद्यात लिहिण्याचा सराव आतापासूनच करावा, आणि हे गद्यही पाचशे वर्णांत बसवावे, ज्यात मोकळ्या जागा धरल्या जातात आणि काना-मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र मोजल्या जातात.

प्रणाली कागदविरहित असल्यामुळे कागद भरपूर ठेवावा. निधी ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सामान्य वित्तीय नियमांतील ‘१२-अ’ हा नमुना, ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर सही-शिक्के घ्यायचे, ती स्कॅन करायची, ठरलेल्या आकारात बसेपर्यंत तिला अस्पष्ट करत न्यायचे, मग अपलोड करायची आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने रवाना करायची. जुन्या खात्यावर पूर्वी साचलेले व्याज असल्यास तेही परत करावे लागते, कारण २०१७ च्या नियमांनुसार ते सरकारच्या संचित निधीचे असते. आमच्या खात्यावर असे ४१ रुपये निघाले. ते भारतकोष या सरकारी भरणा संकेतस्थळावर भरून त्याची पावती प्रमाणपत्राला जोडेपर्यंत एक दुपार आणि ४१ रुपयांहून अधिक किमतीची शाई खर्ची पडली; परंतु देशाचा पैसा देशाकडे गेला.

आपल्या प्रकल्पावर एखादा कनिष्ठ संशोधन अधिछात्र (जेआरएफ) असेल. १ जानेवारी २०२३ पासून त्याच्या दर्जाची अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, आणि घरभाडे भत्ता वेगळा. ही रक्कम पडद्यावर पाहून त्याच्या घरमालकाचे समाधान होत नसेल, तर आपण आपल्या पगारातून त्याला हातउसने द्यावेत आणि त्याची नोंद कोठेही ठेवू नये, कारण तसे लेखाशीर्ष उपलब्ध नाही. पूर्वी फाइल कोठे अडली आहे हे एका चहात कळत असे. आता स्थिती ‘प्रक्रियेत’ अशी दिसते, दिवसातून कितीही वेळा पाहिली तरी चालते आणि चहाचे पैसे वाचतात.

शेवटी ओटीपीविषयी. आमच्या संस्थेचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो, तो आमच्या निवृत्त लेखापालांचा आहे. क्रमांक बदलता येतो, पण त्यासाठी जुन्या क्रमांकावर आलेला ओटीपी द्यावा लागतो. भाऊसाहेब आता कोकणातल्या आपल्या गावी असतात, घरात रेंज नसते, म्हणून दुपारी चारच्या सुमारास ते मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळ पठारावर, चढतात आणि आम्ही येथे कॅप्चा भरून तयार राहतो. आपल्यालाही असे कोणी भाऊसाहेब असतील, तर त्यांचा मान राखावा, आकडे सांगण्याची घाई करू नये, आणि आधी प्रकृतीची चौकशी करावी. परवा आम्ही तशी ती केली. आकडे सहा होते. चौथा एक की सात, याबद्दल त्यांना खात्री नव्हती, कारण चष्मा खाली घरी राहिला होता. दहा मिनिटांची मुदत सरत आली होती, तेव्हा आम्ही सहज विचारले की तुमच्याकडच्या उताराला कारवीचे काय म्हणणे.

“कारवी?” भाऊसाहेब म्हणाले. “ती मागल्या गौरी-गणपतीतच फुलून गेली की हो, सर. डोंगर नुसता जांभळा झाला होता. आम्हाला वाटलं होतं, तुम्ही याल.”