शिवराईची वार्षिक वर्गणी

तांब्याच्या एका पैशासाठी जुन्या बाजारात तासभर घासाघीस करणाऱ्या लोकांकडून वर्षाला 600 रुपये काढायचे, असा हा उद्योग आहे. विषय शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, माध्यम ईमेल आणि गिऱ्हाईक म्हणजे हातात आलेलं नाणं पुन्हा सुटू नये म्हणून आयुष्यभर दक्ष राहिलेली माणसं. एवढं माहीत असूनही ज्याला सशुल्क न्यूजलेटर काढावंसं वाटतं, त्याला माझा विरोध नाही. आधी पुढचं वाचा म्हणजे झालं.

‘एका नाण्यावर लिहून लिहून किती लिहिणार?’ हे घरचे लोक पहिल्याच दिवशी विचारतात. त्याची काळजी नको. 1674 च्या राज्याभिषेकापासूनची ही परंपरा. पुढच्या छत्रपतींनी शिवराई पाडली, पेशवाईत ती पडत राहिली, इंग्रज आले तरी खेड्यापाड्यांत चालत राहिली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, एवढाच मजकूर. पण ठसे कोरणारे हात अनेक, त्यामुळे शिव, शीव, सिव, सीव असे सगळे अवतार भेटतात. त्यात ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि हातोड्याचा घाव तिरका. मग एका नाण्यावर ‘राजा’ पूर्ण आणि ‘श्री’ अर्धी, दुसऱ्यावर भोवतीच्या टिंबांची किनार एकाच बाजूला. वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम, झिजलेलं असेल तर कमी. अर्धी शिवराई वेगळी, मागे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी वेगळी. मजकूर दहा वर्षं पुरेल. अडचण अशी, की टाकसाळीला ऱ्हस्व-दीर्घाची सगळी सूट देणारा वाचक तुम्हाला मात्र एकही देत नाही. ‘परिक्षण’ छापून पाहा. अंकाला आलेलं ते एकमेव उत्तर असेल.

दुसरी अडचण जास्त नाजूक. आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत, नंतरच्या आहेत. वाचकाने देवघरात ठेवलेल्या नाण्याबद्दल हे त्याला सांगायचं असतं, आणि तेही नूतनीकरणाच्या महिन्यात. माझं मत, खरं सांगावं. पण पैसे जमा झाल्यावर.

फोटोंवर कंजूषी नको, कारण वर्गणी लोक त्यासाठीच देतात. फ्लॅश बंद. एकच दिवा, जवळजवळ आडवा, नाण्याच्या पातळीपासून 20 ते 30 अंश वर. प्रकाश डोक्यावरून पडला की झिजलेली अक्षरं सपाट होतात. बाजूने आला की उंचवट्यांची सावली पडते आणि नुसता डाग वाटलेला ‘ज’ वाचता येतो. दिवा नेहमी वरच्या डाव्या बाजूला. खालून प्रकाश दिला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात आणि चार जाणकार ‘नाणं नकली आहे’ असं कळवतात. खाली राखाडी कागद घ्या. काळ्यावर ठेवलं तर फोन सगळंच उजळ करतो आणि काळपट तांबं बिस्किटासारखं दिसतं. फोन वीतभर वर धरून दुप्पट झूम करा. अगदी जवळ नेला तर त्याचीच सावली पडते. प्रत्येक नाण्याचे तीन फोटो: पुढची बाजू, मागची बाजू आणि कड. कड कोणी मागत नाही, पण खोटं तिथेच पकडलं जातं. ओतीव नकलेच्या कडेला साच्याच्या जोडाची रेघ असते किंवा ती घासल्याच्या खुणा असतात, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक भोकं. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकसारखा खड्डा दिसला तर दोन्ही संशयित. सोबत 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. हा काटा घरात आला की त्यावर आधी केशर मोजलं जातं. तेवढं चालवून घ्यावं.

पहिल्याच अंकात ठळक अक्षरांत एक सूचना टाका: नाणं चिंचेने घासू नका. तरी घासतातच. मग गुलाबी, चकचकीत शिवराईचा फोटो येतो आणि खाली प्रश्न, ‘आता किंमत किती वाढली?’ दोन-तीनशे वर्षांत चढलेला काळसर थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याचं निम्मं आयुष्य गेलं. नाणी ठेवायच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटांबद्दलही असंच बजावा. त्यातून सुटणारा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. कोकणातल्या वाचकांना सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सांगा; दमट हवेत क्षार धरलेल्या तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येते आणि ती नाणं आतून खाते.

इथपर्यंतचा भाग आनंदाचा. आता टपाल.

जीमेलच्या साध्या पत्त्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंतच पत्र जातं, म्हणून माणूस न्यूजलेटर-सेवा घेतो. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून पुन्हा तोच जीमेलचा पत्ता लावला की अंक थेट स्पॅममध्ये जाण्याची सोय होते, कारण पत्र जीमेलच्या नावाने आणि येतंय भलत्याच सर्व्हरवरून. स्वतःचं डोमेन घ्या आणि त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करा; पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे त्यांवरून पडताळलं जातं. काम अर्ध्या तासाचं आहे. त्यातली पंचवीस मिनिटं डोमेनचा पासवर्ड शोधण्यात जातात.

मग लांबी. 102 केबीच्या पुढचं पत्र जीमेल कापतं. फोटो बाहेरून येतात, ते यात धरले जात नाहीत, पण देवनागरी धरली जाते, आणि तिचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजून. एकट्या ‘छत्रपति’चे 21 बाइट होतात. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला तर अदृश्य कचरा येतो तो निराळा. साधा मजकूर म्हणूनच चिकटवा. कापला जातो तो शेवट, आणि बहुतेक लोक पैसे भरायचं बटण शेवटी ठेवतात. ते वर घ्या, पहिल्या फोटोच्या खाली.

अंक कोणी उघडला याच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. 2021 पासून ॲपलचं मेल ॲप, खासगीपणाची सोय चालू असेल तर, चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला अंकही उघडलेला दिसतो. न्यू जर्सीतले सगळे मराठी वाचक पहाटेपासून शिवराई वाचत बसलेत असा समज होतो. तो गोड आहे, पण त्यावर दर वाढवू नका.

पैशांचं गणित. सबस्टॅक ही न्यूजलेटर-सेवा 10 टक्के कापते आणि पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे वसूल करणाऱ्या कंपनीमार्फत देते. भारतात स्ट्राइपचं नवं खातं निमंत्रणाशिवाय मिळत नाही. त्यामुळे फुकट अंक तिकडून आणि वसुली इकडच्या पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवरून), असा दुहेरी संसार होतो. गेटवेचे 2 टक्के धरले आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, तर 600 रुपयांतून 14 रुपये 16 पैसे जातात. महिना 50 रुपये ठेवले तरी वर्षाला कपात तेवढीच. तरीही मासिक दर ठेवू नका. आपोआप वसुलीच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला सूचना जाते. म्हणजे नाण्याला नाणं जोडणाऱ्या माणसाला वर्षातून बारा वेळा अधिकृतपणे आठवण करून द्यायची, की उद्या तुमचे 50 रुपये जाणार आहेत. बाराव्या सूचनेपर्यंत कोणी टिकत नाही. वार्षिकच घ्या, एकदाच, दिवाळीच्या आसपास, हात सैल असताना. जीएसटी नोंदणीचा प्रश्न सेवांसाठी साधारणपणे वर्षाच्या 20 लाखांपुढे येतो. शिवराईवर 20 लाख यायला लागले तर कृपया कळवा.

पैसे मागण्याआधी सहा अंक लिहून तयार ठेवा. महिन्याला एक फुकट, दोन सशुल्क. फुकट अंकात एक नाणं सविस्तर. सशुल्क अंकात ठशांची तुलना, कडेचे फोटो, वजनं. आणि पहिले वीस वर्गणीदार फोन करूनच मिळवावे लागतात. तो संवाद साधारण असा होतो:

‘काका, अंक आवडला ना?’

‘उत्तम! फारच अभ्यासपूर्ण. मी आमच्या ग्रुपवर टाकला की.’

‘तो वर्गणीदारांसाठी होता.’

‘अरे, मग त्यांनाही कळू दे ना, किती छान लिहितोस.’

ग्रुपवर जाणं थांबवता येत नाही. पीडीएफच्या प्रत्येक पानावर वर्गणीदाराचं नाव छापायचा उपाय करून बघता येतो. मग तक्रार येते, की नावात मधलं नाव राहिलं. शिवाय निम्म्या वाचकांचा ईमेल मुलाने कधीकाळी उघडून दिलेला असतो, पासवर्ड त्याच्याकडे, आणि मुलगा बंगळूरला. अशांना व्हॉट्सॲपवरून फक्त दुवा पाठवा आणि एक फोन त्यांच्या मुलाला करा. तंत्रज्ञानातली ही सर्वांत खात्रीची पायरी आहे.

एका बाबतीत मात्र विनोद नाही. ‘शेतात गाडगं सापडलंय’ असं कळवणाऱ्याला किंमत सांगत बसू नका. 1878 च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहाच रुपये, म्हणजे तुमच्या सहा दिवसांच्या वर्गणीएवढे. आणि परदेशातल्या वाचकाने ‘एक शिवराई पाकिटात घालून पाठवा’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. शंभर वर्षांपुढची नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि ती अशी देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

उरला नूतनीकरणाचा महिना. स्मरणपत्रं तीन: महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी. तिसऱ्याला हमखास एक उत्तर येतं: ‘रोख नाही, पण वर्गणीच्या बदल्यात एक दुदांडी शिवराई चालेल का?’ नाही म्हणायचं. हिशेबाच्या वहीत तिच्यासाठी रकाना नाही, आणि दुदांडी तशी सहज मिळते. फक्त नाही म्हणायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो मागवा, दिवा वरच्या डाव्या बाजूला ठेवून. सोबत वजनही.