बायकांना संगीत रचता येत नाही, हे कसं सिद्ध करावं

गेल्या रविवारी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसग्रहण वर्गाला गेले. पडद्यावर एकामागून एक संगीतकार, झाडून सगळे पुरुष. "सर, एकही बाई नाही?" सर गोड हसले. "दर्जा असता तर टिकल्या असत्या ना, मॅडम!" वर्ग हसला. मीही हसले, बावळटासारखी. असा वर्ग तुम्हालाही काढायचा असेल, तर या काही सूचना.

मुलीला वेळीच जागा दाखवा. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची मोठी बहीण फॅनी चौदा वर्षांची असताना, 1820 साली वडिलांनी तिला पत्र लिहून कळवलं: संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच राहायला हवा.

तरीही ती लिहीत राहिली, तर भाऊ आहेच. फेलिक्सच्या ऑपस 8 आणि 9 या छापील गीतसंग्रहांमध्ये तीन-तीन गाणी बहिणीची, नाव त्याचं. 1842 साली व्हिक्टोरिया राणीने त्याच्यासमोर गायला नेमकं त्यातलंच 'इटालिएन' निवडलं, तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं. तिचा 'ईस्टर सोनाटा' (पियानोसाठीची रचना) 1970 मध्ये पॅरिसला सापडला, तोही फेलिक्सच्याच खात्यावर जमा! 2010 मध्ये एका संशोधक बाईने अक्षर तपासलं, फॅनीच्या वहीतल्या गायब पानांशी पृष्ठक्रमांक जुळवले, तेव्हा कुठे तो तिचा ठरला. चाळीस वर्षं त्याच सुरांना फेलिक्सचा दर्जा होता की नाही? मग नाव बदलल्यावर सूर बेसूर झाले?

लग्न लावून द्या. क्लारा शुमानने सोळाव्या वर्षी स्वतःचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लाइपझिगला वाजवला. पुढे आठ बाळंतपणं, आणि संगीतकार नवरा रॉबर्ट रचना करत असले की हिचा पियानो बंद.

बाईचा ऑपेरा लावायचाच झाला, तर न्यूयॉर्कच्या मेटसारखा, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरासारखा लावा. पहिला 1903 साली, दुसरा 2016 साली.

आठ मार्चला एक गुलाबी स्लाइड. पुरे.

आणि सर, 'टिकल्या असत्या' म्हणजे काय हो? लोणचं आहे का ते? कुणी छापलं, वाजवलं, शिकवलं तर टिकतं. अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतकार फ्लोरेन्स प्राइसची सिम्फनी 1933 मध्ये शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाने वाजवली होती. तिची हस्तलिखितं 2009 मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडली. तिथे ती दर्जा नव्हता म्हणून पडली होती? तुम्ही ऐकलंय का त्यातलं काही? नसेल ऐकलं तर तसं सांगा, चाळीस माणसांसमोर दर्जा कसले काढता? फी घेता ना? मग थोडा अभ्यास करून या. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच संगीतकार लुईझ फारांक, तिची तिसरी सिम्फनी जेमतेम पस्तीस मिनिटांची आहे. तुमची चहाची सुट्टी त्याहून मोठी असते.