आर्क्टिकचं ‘अमर’ दगडफूल: फिरणाऱ्या पोस्टमधलं खरं किती?

‘आर्क्टिकच्या खडकांवर ८६०० वर्षांची एक वनस्पती जिवंत आहे. तिची रुंदी मोजली की खडकाचं अचूक वय कळतं. ती अंतराळातही मरत नाही, म्हणजे अमरच!’ हा मजकूर फोटोसकट सगळीकडे फिरतोय. फोटोतला जीव खरा आहे: ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम, नकाशासारखं दिसणारं दगडफूल. मजकुरावर मात्र बोलायलाच हवं.

आधी ‘वनस्पती’. हा बुरशी आणि हिरव्या शेवाळाचा एकत्र संसार आहे. शेवाळ उन्हावर अन्न बनवतं, बुरशी आसरा देते. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही असाच जोडजीव, फक्त जात वेगळी.

आता ८६०० वर्षं. दगडफुलात झाडासारखी वर्षवलयं नसतात. वाढीच्या वेगावरून मागे मोजत जाऊन हा अंदाज बांधलेला आहे. वाढ वर्षाला मिलिमीटरभरही नसते, त्यामुळे वेग धरताना किंचित चुकलं तरी हजारो वर्षांचा फरक पडतो. शिवाय भिंगातून नीट पाहा. पिवळसर हिरव्या तुकड्यांभोवती काळी रेघ दिसते. ती शेवाळ नसलेली निव्वळ बुरशीची कड. दोन शेजारी वाढत वाढत एकमेकांना भिडतात, तेव्हा मध्ये हीच रेघ उरते. म्हणजे जो एकच मोठा डाग वाटतो, तो कित्येकदा अनेकांचा गोतावळा असतो. खूप जुनी दगडफुलं आहेत, यात शंका नाही. पण अंदाजाला जन्मदाखला म्हणू नये.

‘अचूक वय’ हाही असाच ताणलेला दावा. ऑस्ट्रियाचे रोलांड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास आल्प्समध्ये ही पद्धत रुजवली. हिमनदी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या दगडांवरची सर्वांत मोठी दगडफुलं मोजायची आणि तारीख माहीत असलेल्या जागांशी, उदाहरणार्थ कबरींच्या दगडांशी, ताडून पाहायची. पद्धत उपयोगीच आहे. पण ओल, थंडी, दगडाचा प्रकार बदलला की वेगही बदलतो. एका खोऱ्याचा हिशेब दुसऱ्या खोऱ्याला लावता येत नाही. मुळात दगड उघडा पडल्यावर दगडफूल तिथे रुजायलाच वर्षं जातात.

अंतराळाची गोष्ट खरी आहे. २००५ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रयोगात ही जात सुमारे दोन आठवडे उघड्या अंतराळात ठेवली होती आणि परतल्यावर तिचं प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. मात्र तिथे ती वाळलेल्या, निद्रिस्त अवस्थेत होती. वाढ शून्य. आणि नमुने स्पेनच्या डोंगरातले होते, आर्क्टिकचे नव्हेत.

राहिलं ‘अमर’. मुळं नसल्यामुळे दगडफूल जे घ्यायचं ते पावसातून आणि हवेतून घेतं, त्यात धुरातला सल्फर डायऑक्साइडही आला. त्या वायूने दगडफुलांच्या कितीतरी जाती कारखानदारीच्या शहरांतून नाहीशा झाल्या. आणि खडकावरचा तळहाताएवढा डाग कुणी कुतूहलापोटी चाकूने खरवडला, तर तेवढा पुन्हा वाढायला कित्येक पिढ्या जातील.