भाच्याच्या पाठीवरचा पी-५०

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, तावातावाने उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. सकाळी पुन्हा वाचल्यावर त्यातलं निम्मं पटलं, म्हणून आता शांतपणे लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: जुन्या वर्कस्टेशन (म्हणजे जड कामांसाठी बनवलेल्या) लॅपटॉपवरचा माझा लेख वाचून यांच्या इंजिनीअरिंगच्या भाच्याने सेकंडहँड थिंकपॅड पी-५० हा लॅपटॉप घेतला. आता ते अडीच किलोंचं धूड आणि वर विटेएवढा १७० वॅटचा चार्जर पाठीवर घेऊन पोरगं रोज बसने कॉलेजला जातं. बॅटरी दोन तासिका टिकत नाही, विंडोज ११ चालत नाही. ‘तुमची हौस लोकांच्या गळ्यात मारू नका, हे भंगार आहे’ असं यांचं म्हणणं.

आधी माझी चूक. ‘नवा लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. त्यावर आता काट मारली आहे. पुसलं मात्र नाही, नाहीतर तुम्ही कशावर चिडलात ते नंतर येणाऱ्याला कळायचं नाही. हिशोबही अर्धाच दिला होता. २०२१ मध्ये माझा पी-५० ४२ हजार, रॅम १७ हजार, एसएसडी साडेसात हजार, एवढंच लिहिलं. त्यानंतरच्या दोन बॅटऱ्या आणि पंखा मिळून आणखी ८ हजार गेले, ते सोयीस्करपणे विसरलो. त्यातली एक बॅटरी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, ती सात महिन्यांत फुगली. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे चढले, ते बघता माझा १७ हजारांचा आकडा आज कोणी धरूच नये.

पण भंगार? ते कोणासाठी, यावर आहे. मी खडीच्या खाणींची ड्रोनने मोजणी करतो. एका खाणीचे पाच-सहाशे फोटो येतात, ते वेबओडीएम या सॉफ्टवेअरमध्ये जोडून किती घनमीटर दगड निघाला ते काढायचं. हे काम रॅम खातं. आधीच्या लॅपटॉपला १६ जीबी होती, बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवता न येणारी. रात्री काम लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर प्रक्रिया मध्येच मेलेली. पी-५० ला रॅमच्या चार खाचा आहेत, ६४ जीबीपर्यंत घेतो. प्रोसेसर चार कोअरचा, २०१५ सालातला. आजचा मधला आय-५ त्याला सहज मागे टाकेल, त्यात वाद नाही. पण माझं काम पाचला संपलं काय नि सातला काय, संपल्याशी कारण. मध्ये एकदा रात्री लाइट गेली तर बॅटरीने चाळीस मिनिटं तग धरला आणि काम वाचलं. डेस्कटॉप घ्या म्हणणाऱ्यांनी आमच्या वीजवाहिनीवर (फीडरवर) एक पावसाळा काढून दाखवावा.

शिवाय हे मशीन उघडता येतं. पोटाखालची बॅटरी खटके सरकवून काढायची, मग तळाचं झाकण. दोन खाचा तिथेच समोर दिसतात, उरलेल्या दोन कळफलकाखाली, म्हणजे कळफलक उचलावा लागतो. त्याच्या फितीचा जोड नखाने सोडवताना माझ्या हाताला घाम सुटला होता. चारही पट्ट्या बसवून चालू केलं तर पडदा काळा ठार. मिनिटभर, दीड मिनिट. बायकोने विचारलं, ‘गेला का?’ बंद करून पुन्हा उघडला, तर एक पट्टी केसभर वर राहिली होती. दोन्ही बाजूंचे खटके ‘कट्’ वाजेपर्यंत दाबली, तेव्हा कुठे लोगो आला.

विंडोजबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आणि वेबओडीएम उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतं म्हणून मला झळ लागली नाही. भाच्याला ऑटोकॅड लागणार, ते लिनक्सवर नाही. एनव्हिडियानेही मॅक्सवेल पिढीचा, म्हणजे यातल्या क्वाड्रो ग्राफिक्स कार्डाचा, आधार ५८० मालिकेच्या ड्रायव्हरनंतर थांबवला आहे, तेव्हा हे दिवस मलाही येणारच.

आता भाच्याचं बघू. दुकानदार परत घेत असेल तर सरळ परत करा, माझा मान राखायला ठेवू नका. विद्यार्थ्याला हलकं आणि दिवसभर टिकणारं मशीन हवं. घेत नसेल, तर ते घरच्या टेबलावर ठेवू द्या आणि विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणी करून घ्या, वैयक्तिक वापराला ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. नवी रॅम लगेच विकत घेऊ नका. एकच पट्टी असेल तर जोडीला तेवढीच दुसरी टाकली की बराच फरक पडतो. तळाचं झाकण काढून आतला फोटो पाठवा, कोणत्या खाचेत काय आहे ते सांगतो. आणि झाकण काढण्याआधी बॅटरी काढायला सांगा त्याला, माझ्यासारखी घाई नको.