‘दात्याच्या पेशींची एक पिशवी आणि ल्युकेमिया बरा’: असं नसतं

एक मेसेज फार फिरतो: ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर ल्युकेमिया उलटला तरी चिंता नको. दात्याच्या पांढऱ्या पेशींची पिशवी चढवा. रक्त देण्यासारखंच आहे. केमो नाही, त्रास नाही. पेशी जितक्या जास्त तितका गुण लवकर. कुठल्याही ल्युकेमियाला चालतं.’ असा उपचार आहे, त्याला डीएलआय (डोनर लिम्फोसाइट इन्फ्युजन, म्हणजे दात्याच्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चढवणं) म्हणतात. बाकीचं मात्र तपासून घ्यावं लागेल.

रक्त देण्यासारखं? अशा रुग्णाला एरवी रक्त देताना ते आधी इरॅडिएट करतात (त्यावर किरणांचा मारा करतात), म्हणजे परक्या लिम्फोसाइट पेशी अंगात वाढत नाहीत. डीएलआयची पिशवी चुकूनही इरॅडिएट करायची नसते. त्या पेशी वाढाव्यात, ल्युकेमियावर तुटून पडाव्यात, यासाठीच तर त्या द्यायच्या. पिशवी लहानशी असते, लवकर संपते. परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात.

त्रास नाही, हेही खोटं. त्याच लिम्फोसाइटमधल्या टी-पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांवरही हल्ला करू शकतात. या हल्ल्याला जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) म्हणतात, तो जिवावर बेतू शकतो. तो आधीच जोरात असेल तर डीएलआय सहसा देतच नाहीत.

‘जास्त पेशी, जास्त गुण’ हे सगळ्यांत घातक. नातेवाईक डोस वाढवा म्हणून हट्ट धरतात तेव्हा खरंच धस्स होतं. डोस रुग्णाच्या वजनानुसार, किलोमागे टी-पेशी मोजून ठरतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात सीएमएलच्या (हळू वाढणारा ल्युकेमियाचा एक प्रकार) अनेक रुग्णांचा आजार किलोमागे १ कोटी पेशींवरच आटोक्यात आला, आणि तेवढ्या डोसला जीव्हीएचडीही कमी झाला. म्हणून थोड्यापासून सुरुवात करतात, मध्ये थांबतात, मग गरज पडली तर वाढवतात.

आणि ‘कुठल्याही ल्युकेमियाला’? १९९० साली जर्मनीतल्या म्युनिकच्या डॉ. कोल्ब यांच्या गटाने ज्या तिघांवरचं यश जाहीर केलं, ते तिघेही सीएमएलचे होते. त्या आजारात गुण येण्याचं प्रमाण आजही सर्वांत चांगलं आहे. एएमएल या ल्युकेमियाच्या तीव्र प्रकारात ते बरंच कमी, एएलएल या दुसऱ्या तीव्र प्रकारात तर फारच. हे आजार झपाट्याने वाढतात, पेशींना वेळच मिळत नाही. म्हणून बहुतेकदा आधी केमो किंवा दुसरी औषधं देऊन आजाराचा भार उतरवावा लागतो.

अर्धं जुळणाऱ्या दात्याकडून ट्रान्सप्लांट झालेलं असेल तर आणखी एक तपासणी हवी. कधीकधी उलटलेल्या ल्युकेमियाच्या पेशी दात्याशी न जुळणारा एचएलएचा (पेशींवरची ओळखखूण, जी दाता आणि रुग्ण यांच्यात जुळवून पाहतात) भागच गमावून बसतात, आणि दात्याच्या टी-पेशी त्यांना सहसा तिथेच हेरत असतात. मग त्याच दात्याच्या कितीही पेशी दिल्या तरी उपयोग होण्याची आशा फार थोडी. दुसरा दाता शोधून पुन्हा ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागतो.