‘लिब्रे’ पिनोचेटसाठी गायलं गेलं नव्हतं

स्पॅनिश गायक निनो ब्राव्होने ‘लिब्रे’ हे गाणं चिलीतल्या लष्करशहा पिनोचेटच्या सत्तापालटाच्या स्वागतासाठी गायलं, असा मजकूर सध्या फिरतोय. साफ चूक. गाणं १९७२ चं, आर्मेन्तेरोस आणि एरेरो या जोडीने स्पेनमध्ये रचलेलं. ब्राव्हो १६ एप्रिल १९७३ ला व्हॅलेन्सियाहून माद्रिदला जाताना मोटार अपघातात गेला, अवघ्या २८ व्या वर्षी. सत्तापालट झाला ११ सप्टेंबरला! पिनोचेट समर्थकांनी नंतर हे गाणं उचललं, हे मात्र खरं. १९७४ च्या चिलीतल्या व्हिन्या देल मार संगीत महोत्सवात विनोदी कलाकार एदमुन्दो अरोसेतने ते गायलं, आणि पिनोचेटचं गाणं हा शिक्का बसला तो बसलाच. मेलेल्या गायकाला त्यात ओढायचं कारण नाही.

त्याच मजकुरात गाणं पूर्व बर्लिनमधून पळताना बर्लिनच्या भिंतीवर मारल्या गेलेल्या पेटर फेश्टरवर असल्याचंही ठोकून दिलंय. गाण्यातल्या गोष्टीत साम्य आहे: विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा, काटेरी कुंपण, छातीवर उमललेली लाल फुलं. पण गाण्यात ना बर्लिन, ना भिंत. शिवाय गाण्यातला मुलगा हसत, न बोलता पडून राहतो; १८ वर्षांचा फेश्टर १७ ऑगस्ट १९६२ ला मदतीसाठी ओरडत, जवळपास तासभर रक्तस्राव होऊन गेला.